टेंपरेचरचा काटा खरा की खोटा: जुन्या गाडीत दोष कसा शोधायचा

जुन्या गाडीचा टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला की दोन शक्यता असतात. इंजिन खरंच तापलंय, नाहीतर काटा चुकीचं दाखवतोय. दुसरी शक्यता सोयीची, म्हणून तीच आधी खरी धरली जाते. "सेन्सर गेला असेल" म्हणत गाडी पुढे दामटली की हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकतं, त्याखालचं गॅस्केट जातं. उलटंही तितकंच घडतं: काट्याच्या धास्तीने थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), वॉटर पंप, रेडिएटर सगळं बदलून होतं आणि दोष निघतो गंजलेल्या एका लगमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या जोडात. दोन्ही नुकसान टाळायचं तर क्रम पाळायला हवा. आधी इंजिनाचं खरं तापमान, मग वायर, मग सेंडर (इंजिनात बसवलेला, पाण्याचं तापमान मीटरला कळवणारा सेन्सर) किंवा मीटर. नवीन पार्ट विकत घेणं सगळ्यात शेवटी.

हाताशी एवढं असू द्या: डिजिटल मल्टिमीटर, छोट्या बल्बचा टेस्ट लॅम्प, इन्फ्रारेड थर्मामीटर, 110 अंशांपर्यंत मोजणारा साधा थर्मामीटर, दोन्ही टोकांना क्लिप असलेल्या एक-दोन वायरी, 10 पासून 250 ओहमपर्यंतचे चार-पाच रेझिस्टर (2 वॉटचे किंवा त्याहून मोठे), बारीक पॉलिश पेपर आणि कॉन्टॅक्ट क्लीनर. त्या गाडीचं वायरिंगचं चित्र मिळालं तर अर्धं काम तिथेच होतं.

आधी इंजिन

इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) झाकणाच्या गळ्यापर्यंत आहे का ते डोळ्यांनी बघा. बाजूच्या बाटलीवर विसंबू नका. झाकणातला परतीचा व्हॉल्व्ह अडकला किंवा बाटलीची नळी चिरली असेल, तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर निम्मा रिकामा असतो.

ही तपासणी पहिली ठेवण्यामागे कारण आहे. सेंडर तापमान ओळखतो ते त्याच्या टोकाला पाणी लागत असेल तरच. पाणी खाली गेलं आणि सेंडर हवेत किंवा वाफेत उघडा पडला, की इंजिन भाजत असताना काटा मध्यावर राहतो, कधी चक्क खाली येतो. चढत चाललेला काटा एकाएकी खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. आणि गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. 1 बार दाबाच्या झाकणाखाली पाणी साधारण 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल होताच दाब जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येतं.

कूलंट बरोबर असेल तर इंजिन सुरू करून गरम होऊ द्या आणि इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर, सेंडरच्या शक्य तितक्या जवळ धरा. हाउसिंग चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर हे यंत्र फसतं, कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी फेकतो. आकडा खऱ्यापेक्षा कितीतरी खाली येऊ शकतो. त्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा दोन बोटं रुंद तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. पृष्ठभाग आतल्या पाण्यापेक्षा काही अंश थंड असतो, तेवढं धरून चाला.

थर्मोस्टॅटवर तो उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, बहुतेक जुन्या गाड्यांत 82 किंवा 88. तो उघडेपर्यंत वरचा होज पाइप कोमटच राहतो आणि उघडताच मिनिटाभरात हात ठेववत नाही इतका तापतो. हा बदल नेमका जाणवला, टेपवरचा आकडा 80 ते 95 च्या दरम्यान थांबला आणि काटा मात्र लाल पट्ट्यात किंवा तळाशी असेल, तर दोष काट्याच्या साखळीत आहे. होज सुरुवातीपासूनच हळूहळू गरम होत गेला, हीटरची हवाही कोमट आणि काटा कधीच वर चढत नाही, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. काटा खरं तेच सांगतोय.

काटा हलतो कसा, तेही बघा

जुन्या गाड्यांत तीन प्रकारचे मीटर भेटतात आणि तपासणीची रीत त्यावर ठरते.

पहिला यांत्रिक. मीटरपासून इंजिनापर्यंत वायरीऐवजी तांब्याची बारीक नळी जाते आणि तिच्या टोकाला पितळी फुगा असतो. आत लगेच उडून जाणारा द्रव भरलेला असतो. तो तापला की दाब वाढतो आणि काटा फिरतो. चावी बंद असतानाही हा मीटर तापमान दाखवतो. नळी चिमटली किंवा तुटली की काटा थंडवर पडून राहतो. ही दुरुस्ती घरी होत नाही, पूर्ण संच बदलावा लागतो किंवा त्यातल्या जाणकाराकडे भरायला द्यावा लागतो. पुढची विजेची तपासणी याला लागू नाही.

दुसरा बायमेटलचा, म्हणजे दोन धातूंच्या जोडपट्टीचा. आतल्या पट्टीवर तापणारी तार गुंडाळलेली असते. प्रवाह जास्त, तर पट्टी जास्त वाकते. चावी फिरवली की काटा सावकाश चढतो, बंद केली की सावकाश उतरतो. याला बॅटरीचा थेट व्होल्टेज चालत नाही, मधे व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो.

तिसरा चुंबकी, दोन किंवा तीन कॉइलचा. चावी फिरवताच काटा झटक्यात जागेवर जातो. दोन कॉइलमधल्या प्रवाहाच्या प्रमाणावर काटा ठरत असल्याने बॅटरीचा व्होल्टेज थोडा वरखाली झाला तरी फरक पडत नाही, म्हणून स्टॅबिलायझर लागत नाही.

प्रकार कळला की काट्याच्या हालचालीतूनच पुष्कळ समजतं. इंजिनात काही लिटर पाणी आणि मणभर लोखंड असतं; ते अर्ध्या सेकंदात वीस अंशांनी तापत नाही. चुंबकी काटा खड्ड्यात गाडी आदळली की उडतो, हेडलाइट लावले की सरकतो, तर ते तापमान नव्हे, सैल जोड किंवा खराब अर्थिंग (वीज बॉडीतून बॅटरीकडे परत जाण्याची वाट). बायमेटलच्या मीटरमध्ये मात्र हीच खूण हरवते. वायर क्षणात शॉर्ट झाली तरी काटा आपल्या संथ चालीनेच वर जातो आणि बघणाऱ्याला इंजिन हळूहळू तापतंय असं वाटतं. म्हणून बायमेटलवर नुसत्या निरीक्षणाने निष्कर्ष काढू नका, मोजमाप घ्या.

एक नेहमीची शंका: गरम गाडी दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा सुरू केली की काटा वर दिसतो. पाणी फिरायचं थांबल्यावर हेडमधली उष्णता तिथल्या पाण्यात उतरते, म्हणून असं होतं. दोन-तीन मिनिटांत काटा जागेवर आला तर सगळं ठीक आहे.

साखळी मधोमध तोडा

विजेच्या मीटरची साखळी अशी: बॅटरी, फ्यूज, (बायमेटल असेल तर) स्टॅबिलायझर, मीटर, वायर, सेंडर, इंजिन ब्लॉक, आणि अर्थ पट्टीतून परत बॅटरी. सेंडरच्या आत असा पदार्थ असतो ज्याचा अवरोध थंडीत जास्त आणि उष्णतेत कमी होतो. अवरोध उतरला की प्रवाह वाढतो, काटा चढतो. सेंडरची वायर ही या साखळीतली सगळ्यात सोयीची मधली जागा. तिथे एकदा तपासलं की निम्मी साखळी निर्दोष ठरते.

आधी योग्य सेंडर शोधा. इंजिनावर तशीच दिसणारी दोन-तीन पितळी तोंडं असू शकतात. मीटरचा सेंडर बहुधा थर्मोस्टॅटजवळ किंवा हेडमध्ये असतो आणि त्याला एकच वायर असते. रेडिएटरच्या टाकीत असतो तो फॅनचा स्विच. दोन पिनांचा प्लास्टिक कनेक्टर असलेला सेन्सर इंधन इंजेक्शनचा. तो बदलून काट्यात काही फरक पडणार नाही. तापमानाच्या दिव्याचा स्विचही एका वायरीचाच असतो, म्हणून वायरीचा रंग चित्राशी ताडून बघा.

इंजिन बंद, चावी इग्निशनवर. सेंडरची वायर काढून हवेत धरा, कुठेही टेकू देऊ नका. काटा पूर्ण थंडवर उतरायला हवा; बायमेटलला अर्धा-एक मिनिट द्या. आता वायरीचं टोक 22 ओहमच्या रेझिस्टरमधून ब्लॉकच्या स्वच्छ धातूला लावा. काटा चढून गरमच्या बाजूला जायला हवा. पुष्कळजण वायर थेट ब्लॉकला टेकवतात. चुंबकी मीटर ते बहुधा सोसतो, पण बायमेटलची तापणारी तार त्यात जळू शकते, त्यामुळे रेझिस्टर लावूनच करा. काटा टोकाला पोचताच वायर काढा.

काटा दोन्हीकडे नीट गेला, तर मीटर, स्टॅबिलायझर, फ्यूज, वायर सगळं सध्या संशयाबाहेर. राहिला सेंडर आणि त्याचं अर्थिंग.

वायर काढल्यावरही काटा गरमवरच राहिला, तर वायर वाटेत कुठेतरी बॉडीला शॉर्ट आहे. पहिली नजर एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या गरम नळ्यांजवळ) टाका. तिथे इन्सुलेशन वितळून तांबं उघडं पडतं. दुसरी जागा म्हणजे फायरवॉलचं (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याचं) भोक, जिथला रबरी बूच निघालेला असतो. आता मीटरमागेही वायर सोडवून बघा. तरीही काटा गरमवरच, तर मीटर आतून बिघडलाय.

वायर अर्थ करूनही काटा हललाच नाही, तर वायर तुटलीय, मीटरला वीज येत नाही किंवा मीटर मेलाय. वायरीच्या दोन्ही टोकांमध्ये अवरोध मोजा, 1 ओहमच्या आत यायला हवा. लांब वायरीला क्लिपवाली जादा वायर जोडून मल्टिमीटरपर्यंत आणता येतं. मोजताना हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवा, पिळा. आतून तुटलेली वायर स्थिर असताना जुळलेली असते आणि वाकवली की आकडा नाहीसा होतो. लगला हिरवट बुरशी दिसली तर नुसता घासून उपयोग नाही. ती इन्सुलेशनच्या आतपर्यंत शिरलेली असते. दोन-तीन सेंटिमीटर कापून काळं न पडलेलं, लख्ख तांबं मिळेपर्यंत मागे या आणि नवा लग लावा.

पेट्रोलचा काटाही चुकतोय का?

बायमेटलच्या मीटरमध्ये हा प्रश्न सगळ्यात मोलाचा. टेंपरेचर आणि इंधन हे दोन्ही मीटर एकाच स्टॅबिलायझरवर चालतात. दोन्ही काटे एकदम जास्त दाखवू लागले किंवा दोन्ही एकदम झोपले, तर सेंडरला हातही लावू नका. दोन वेगळे सेंडर एकाच दिवशी सहसा बिघडत नाहीत.

जुना स्टॅबिलायझर म्हणजे डबीतली आणखी एक बायमेटल पट्टी. ती तापली की संपर्क सुटतो, गार झाली की जुळतो, आणि या उघडझापीतून सरासरी व्होल्टेज कमी मिळतो: अनेक ब्रिटिश गाड्यांत सुमारे 10 व्होल्ट, बऱ्याच अमेरिकन गाड्यांत सुमारे 5. डिजिटल मल्टिमीटरवर आकडा शून्य आणि 12 च्या मधे उड्या मारताना दिसेल. तो दोष नव्हे, काम चालू असल्याची खूण आहे. छोटा टेस्ट लॅम्प लावला तर लुकलुकेल. दिवा अखंड पेटलेला राहिला तर संपर्क चिकटलाय किंवा डबीचं अर्थिंग तुटलंय. अर्थ नसेल तर आतली तार तापत नाही, संपर्क सुटत नाही, आणि मीटरला बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज जातो. इंजिन चालू असताना तो 14 असतो. 10 ऐवजी 14 म्हणजे मीटरमधली उष्णता जवळजवळ दुप्पट, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. काटा लाल पट्ट्यात जायला तेवढं पुरतं. म्हणून नवा स्टॅबिलायझर आणण्याआधी डबी ज्या स्क्रूने बसवलीय तो काढा, खालचा गंज-रंग घासा आणि परत घट्ट करा.

बदलायचाच असेल तर इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर चांगला, त्यात घासणारे संपर्क नाहीत. मात्र गाडीच्या बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते बघून घ्या. काही फार जुन्या गाड्यांत धन टोक बॉडीला असतं आणि उलटा जोडलेला इलेक्ट्रॉनिक भाग तत्काळ जळतो.

अर्थिंग

एका वायरीच्या सेंडरचं परतीचं टोक म्हणजे त्याचे आटे. ते हाउसिंगला, हाउसिंग हेडला आणि ब्लॉक अर्थ पट्टीने बॅटरीला जोडलेला असतो. मधे कुठेही अवरोध आला तर तो सेंडरच्या अवरोधात मिसळतो आणि काटा खऱ्यापेक्षा खाली राहतो. हा दोष धोक्याचा, कारण इंजिन तापलं तरी काटा शांत दिसतो.

इंजिन चालू ठेवून हेडलाइट आणि हीटरचा पंखा लावा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकावर, लाल पिन सेंडरच्या षटकोनी अंगावर. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर छान. 0.2 च्या वर गेला तर लाल पिन एकेक पायरी मागे न्या, आधी हाउसिंगवर, मग हेडवर, मग ब्लॉकवर. आकडा जिथे एकदम उतरतो, त्याच्या अलीकडचा जोड खराब. ब्लॉकवरही आकडा मोठाच असेल तर स्टार्टर मारताना पुन्हा मोजा. तेव्हा अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसला तर अर्थ पट्टी बदला.

मीटरच्या अर्थिंगची खूण वेगळी. हेडलाइट किंवा इंडिकेटर लावताच काटा हलतो, किंवा सगळे काटे मिळून हलतात. तिथे क्लस्टरची (सगळे मीटर एकत्र बसवलेल्या डबीची) अर्थ वायर आणि मीटरमागचे छोटे नट घट्ट करा, पण जपून. छापील सर्किटचा तांब्याचा पापुद्रा जोर लावला की फाटतो.

सेंडर पाण्यात टाकून

सेंडर बाहेर काढा. वापरात नसलेल्या पातेल्यात पाणी घ्या, सेंडर तारेने असा लटकवा की टोक आणि आटे पाण्यात, वायरीचं टर्मिनल वर कोरडं. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. तळाचा धातू पाण्याहून गरम असतो. थर्मामीटर सेंडरच्या अगदी शेजारी. मल्टिमीटरची एक पिन टर्मिनलला, दुसरी पितळी अंगाला. मंद आच ठेवा, पाणी ढवळत राहा आणि 40, 60, 80, 90 अंशांवर आणि उकळताना ओहम लिहून घ्या. गार होतानाही तेच आकडे घ्या.

आकडे प्रत्येक गाडीचे वेगळे, त्यामुळे सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून बघा. कल्पना यावी म्हणून, व्हीडीओ (VDO) कंपनीच्या 120 अंशांच्या सर्वसाधारण सेंडरला 40 अंशांवर सुमारे 290 ओहम असतात, 80 वर सुमारे 70, 90 वर सुमारे 50 आणि 100 वर सुमारे 38. मॅन्युअल नसलं तरी चाल बघा. अवरोध सलग उतरला पाहिजे आणि गरम भागात दर वीस अंशांना साधारण निम्मा व्हायला पाहिजे. मधेच उडी, ठरावीक तापमानावर गायब होणारा आकडा, किंवा टर्मिनल बोटाने हलवल्यावर बदलणारा आकडा, यातलं काहीही दिसलं तर सेंडर गेला.

नवा सेंडर बसवताना

इंजिन थंड करा, झाकण उघडून दाब सोडा. नवा सेंडर हातात तयार ठेवून जुना काढला आणि भोकावर लगेच अंगठा दाबला तर कपभरच कूलंट सांडतो. सांडलेला पूर्ण पुसा. त्याला गोड चव असते, जनावरं चाटतात आणि तो विषारी असतो.

निमुळत्या आट्यांच्या सेंडरला टेफ्लॉन टेपचे जाड थर गुंडाळू नका, अर्थिंग अडतं. बहुतेकदा टेप लागतच नाही. गळती दिसली तर थ्रेड सीलंटचा थेंब पुरतो, पहिले दोन आटे कोरडे ठेवून. हाताने बसल्यावर पान्याने एक ते दीड फेरा. अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगला त्याहून जास्त जोर तडा देतो. सरळ आट्यांच्या सेंडरला मात्र नवा तांब्याचा वॉशर हवा. नंतर कूलंट भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, आतली हवा निघेपर्यंत इंजिन चालवा. सेंडरपाशी हवेचा बुडबुडा राहिला तर नवा सेंडरही खोटंच दाखवेल.

इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती "आटे जुळले म्हणजे सेंडर जुळला" या समजुतीने. आटे तेच आणि ओहम वेगळे, असे सेंडर सर्रास मिळतात. बसवण्याआधी जुना चांगला सेंडर किंवा मॅन्युअल यांच्याशी आकडे जुळवा. अगदी योग्य सेंडर मिळतच नसेल आणि काटा सातत्याने थोडा जास्त दाखवत असेल, तर वायरीत मालिकेत रेझिस्टर जोडून तो खाली आणता येतो. मीटरला 90 अंशांवर 50 ओहम हवेत आणि सेंडर 40 देतोय, तर 10 ओहम. काटा कमी दाखवत असेल तर रेझिस्टर सेंडरला समांतर लावावा लागतो. हे फक्त मोजून सिद्ध झालेल्या फरकासाठी करा, आणि नंतर टेपवरच्या थर्मामीटरने दोन-तीन तापमानांना काटा पडताळून घ्या. मालिकेतला रेझिस्टर 90 वर बरोबर आला तरी 110 वर काट्याला खऱ्यापेक्षा खाली ठेवतो, कारण तिथे सेंडरच्या थोडक्या ओहमात तेच 10 ओहम फार मोठे होतात. लाल पट्ट्याच्या अलीकडे जिथे काटा 105 अंशांना पोचेल ती जागा काचेवर छोट्या टिकलीने खूण करून ठेवा, आणि गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती द्याल तेव्हा ती खूण दाखवून द्या.